सहाव्या गावचं पोस्ट

सिस्टर सूड घ्यायची तो जेवायला वाढल्यासारखा. माणूस बघून, त्याच्या पोटाला पुरेल इतकाच, आणि अगदी सावकाश. आमच्या हॉस्पिटलात एका सर्जनने तिला सगळ्या वॉर्डासमोर 'ए मुली' अशी हाक मारली होती. तेव्हा ती चाळिशी ओलांडलेली, एका शाळकरी मुलीची आई आणि त्या वॉर्डाची प्रमुख. त्या दिवसापासून राउंड संपल्यावर त्याच्या हातात येणारा चहा निवलेला असायचा. तीन वर्षं. कप स्वच्छ, साखर बरोबर, फक्त चहा निवलेला. त्याची बदली झाली तेव्हा निरोपाच्या पार्टीत तिने स्वतः वाफाळता कप नेऊन त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "देअर यू गो, डॉक्टर." तो कप धरून तिच्याकडे बघतच राहिला.

"इतकी वर्षं कशाला थांबलीस?" मी तिला विचारलं होतं.

"घाई कशाला?" ती म्हणाली. "पळून कुठे जातोय तो?"

हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. मी एकोणऐंशीच्या हिवाळ्यात पुण्याहून सिडनीला आले आणि त्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले, तेव्हा आख्ख्या इमारतीत मराठी बोलणारी ती एकटी. वसईची. नाव रोझी, पण तिला नावाने हाक मारणारा माणूस एकच होता, तिचा नवरा. बाकी सगळ्यांची ती सिस्टर. पहिल्या दिवशी मी 'सिस्टर, तुम्ही' म्हणाले तर तिने डोळे वटारले. "मला अहोजाहो करू नकोस गं. म्हातारी झाल्यासारखं वाटतं." मी हॅरिस पार्कला भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायचे. दर रविवारी ती मला गाडीत घालून कॅसल हिलला आपल्या घरी न्यायची आणि जेवायला घालायची. आईविना राहणाऱ्या मुलीला कोणीतरी रविवारी जेवायला बोलावलं की ती त्या माणसाची होऊन जाते. मी झाले.

तिच्या नवऱ्याचं नाव इनास. मी त्यांना इनासभाऊ म्हणायचे आणि 'ते' म्हणायचे, म्हणून इथेही 'ते' लिहिते. ती माझी सवय आहे, तो आदर नव्हे. इनासभाऊ इंजिनियर होते, दिसायला रुबाबदार, बोलण्यात गोड, आणि त्यांना सायकलीचं वेड होतं. दर वर्षी मे महिन्यात चार आठवडे रजा काढून ते सायकल घेऊन स्पेनला जायचे. एकटे. मोठे रस्ते टाळून शेतांमधून, खेड्याखेड्यांतून हिंडायचे. परत आले की एका रविवारी मराठी मंडळींना बोलावून भिंतीवर चादर लावायचे आणि स्लाइड शो करायचे. गव्हाची शेतं, ऑलिव्हची झाडं, चर्चच्या मनोऱ्यावर करकोच्यांची घरटी. "हा चढ बारा किलोमीटर! एकदाही पाय टेकला नाही!" मंडळी वा वा करायची.

सिस्टर त्या वेळी स्वयंपाकघरात असायची. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामध्ये ताटं द्यायला एक खिडकी होती. त्या खिडकीपलीकडे ती फुगे तळत उभी. वसईचे ते गोल, फुगलेले, आतून पोकळ फुगे तिच्यासारखे कोणी करत नसे. गरमच खायचे म्हणून शो चालू असेपर्यंत घाणे काढायचे. त्यामुळे तिने नवऱ्याची एकही स्लाइड धड पाहिलेली नव्हती. तिला सगळा स्पेन ऐकून पाठ होता.

एक्याऐंशी साली इनासभाऊ असेच तिकडे असताना सिस्टरची आई वसईला वारली. मातीला पोचणं शक्य नव्हतं, आमच्याकडच्यासारखंच त्यांच्यातही थांबत नाहीत. पण सातव्या दिवसाच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, जायचं तिने ठरवलं. अडचण लीनाची. मुलगी अकरा वर्षांची, तिच्याजवळ कोणीतरी हवं. मी म्हणाले, मी राहते. पण लीनाला नेमक्या त्याच आठवड्यात न्यूमोनिया झाला. आजारी पोर परक्या हातात टाकून सिस्टर हलणार नव्हती. नवऱ्याने यायला हवं होतं. इनासभाऊ जाताना फ्रिजवर सहा गावांची यादी लावून जायचे, तिथल्या पोस्टात ते आपली पत्रं विचारायचे. सिस्टरने सहाही गावांना तारा केल्या. आई गेली, लीना आजारी, ताबडतोब ये. मग बॅग भरून दारापाशी ठेवली आणि वाट बघितली.

इनासभाऊ तीन आठवड्यांनी, ठरलेल्या दिवशी, उन्हाने तांबूस होऊन आले. "तार? कसली तार?" म्हणाले. आईची बातमी ऐकून मटकन खाली बसले, रडलेसुद्धा. सातवा दिवस गेला होता. सिस्टरने बॅग रिकामी केली, कपड्यांच्या घड्या कपाटात ठेवल्या आणि स्पेनच्या पोस्टाला दोन शिव्या घातल्या. तिने त्यांच्यावर विश्वास ठेवला. मीही ठेवला. याची मला आजही चीड येते.

पुढे तीन वर्षांनी, अशाच एका स्लाइड शोला, इनासभाऊ रंगात आले होते. कोणीतरी विचारलं, इतके दिवस घरची खबर कशी मिळते? "अहो, तिथलं पोस्ट म्हणजे काय सांगू!" ते म्हणाले. भिंतीवर डोंगरमाथ्यावरचं एक पांढरं गाव होतं. "हे माझं यादीतलं सहावं गाव. इथली पोस्टातली बाई मी दिसलो की रस्त्यावर येऊन हातात पत्र ठेवते. सात वर्षं जातोय, एक कागद कधी चुकला नाही!"

स्वयंपाकघरातला तळणाचा आवाज थांबला. सिस्टरने गॅस बंद केला होता. खिडकीतून डोकं बाहेर काढून तिने विचारलं, "कुठलं गाव म्हणालास?"

त्यांनी नाव सांगितलं. चेहरा उतरला की नाही ते त्या अंधारात दिसलं नाही. ती "हं" म्हणाली आणि गॅस पुन्हा पेटवला. त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, गाव बिचारं निर्दोष आहे.

सोमवारी ती लॅबमध्ये येऊन माझ्या टेबलाशी उभी राहिली. "तुम्ही पुण्याच्या पोरी सायकल शिकूनच जन्माला येता ना?"

"बहुतेक."

"मला शिकव."

वय शेहेचाळीस. त्या काळी कॅसल हिलच्या पलीकडे संत्र्यांच्या बागा आणि कोंबड्यांचे फार्म होते. त्यांच्यामधल्या रस्त्यावर मी तिची सीट धरून पळाले. ती पडली की उठून आधी सायकलीला बघायची, मग गुडघ्याला. सप्टेंबर लागला आणि मॅगपाय पक्षी डोक्यावर झेपा घालायला लागले. लोक आइस्क्रीमचा डबा डोक्यावर घालून, त्याला मागे डोळे रंगवून फिरायचे. सिस्टरने डबा घातला नाही. रोज त्या झाडाखाली उतरून तिने थोडा खिमा टाकला. आठवड्याभरात पक्ष्याने तिचा नाद सोडला आणि नुसता माझ्या मागे लागायला लागला. "वैरी नीट ओळखावा लागतो," ती म्हणाली आणि मनापासून हसली. तिला तसं हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

घरी तिने एवढंच सांगितलं की या मे महिन्यात मी स्पेनला जाणार, ही पोरगी माझ्यासोबत येतेय. इनासभाऊ आधी हसले. "रोझी, पहिल्या चढाला परत येशील." मग म्हणाले, "फ्रान्सला का जात नाहीस? सपाट आहे."

"नको," ती म्हणाली. "तू पाहिलेलंच बघायचंय."

हॉस्पिटलात चिलीहून आलेली एक सफाईवाली होती. सिस्टरने सहा महिने तिच्याकडून स्पॅनिश शिकून घेतलं. इकडचं तिकडचं थोडंफार आलं, पण एक वाक्य तिने घोटून घोटून पाठ केलं: चार वर्षांपूर्वी मे महिन्यात माझ्या नवऱ्याला इथे तार आली होती का?

पंच्याऐंशीच्या मे महिन्यात आम्ही कास्तीलच्या पठारावर सायकली चालवत होतो. मला वाटलं होतं, ती दातओठ खात चालवेल. तसं काहीच नव्हतं. ती फार शांत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवा गहू, त्यात लाल पॉपीची फुलं, आणि मैलोन् मैल माणूस नाही. सायकलीच्या साखळीचा आवाज आणि चंडोल, बस. दुपारी गाव यायचं. सगळी दारं बंद, चर्चच्या भिंतीच्या सावलीत चार म्हातारे बाकावर. ती उतरून त्यांना मान लववायची. तेही टोपी काढायचे. कुठे एखादी बाई आम्हाला आत बोलावून पाव आणि टोमॅटो द्यायची. एका चढावर ती धापा टाकत थांबली, खाली पसरलेल्या शेतांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हे इतकं सुंदर आहे गं. आणि त्याने मला एकदाही चल म्हटलं नाही."

प्रत्येक गावात ती पोस्टात जायची आणि आपलं वाक्य म्हणायची. पहिल्या गावात तार परत गेली होती. दुसऱ्यात कोणाला काही आठवेना. तिसऱ्यात पोस्टच बंद पडलेलं. ती जिथून जमेल तिथून नवऱ्याला एक पोस्टकार्ड टाकायची. प्रत्येकावर तेच: 'सुखरूप पोचले. इथलं पोस्ट उत्तम आहे.' पहिलं कार्ड लिहिलेलं मी वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आणि खरं सांगते, बरंही वाटलं. कॅसल हिलला त्या घराच्या पेटीत ती कार्डं एकेक करून पडणार होती.

"सरळ सहाव्या गावालाच जाऊ या ना," मी म्हणाले.

"यादीप्रमाणे जायचं," ती म्हणाली. "निरपराध सुटायची संधी द्यायची माणसाला. कुठे दुसरीकडे काही निघालं तर?" तेव्हा मला कळलं की या बाईला आपलं म्हणणं खोटं ठरायला हवं होतं.

सहावं गाव बारा किलोमीटरच्या चढानंतर. आम्ही निम्मा चढ सायकली ढकलत गेलो. पोस्ट म्हणजे एका दुकानाचा कोपरा, तिथे दोरे, चीज आणि तिकिटं एकत्र मिळायची. आतली बाई ठेंगणी, काळे कपडे घातलेली. सिस्टरने वाक्य म्हटलं. त्या बाईने काउंटरवरचे हात उचलून तोंडावर ठेवले. मग ती बाहेर आली आणि सिस्टरला तिने मिठी मारली.

तिला सगळं आठवत होतं. सायकलवाला सावळा माणूस. तार वाचून त्याचा रंग उडाला तेव्हा तिने त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. कोण गेलं म्हणून विचारलं तर म्हणाला, बायकोची आई. ती त्याच संध्याकाळी चर्चमध्ये जाऊन त्या अनोळखी आईसाठी मेणबत्ती लावून आली होती. आणि तो? तो थोडा वेळ बसला, आभार मानले आणि सायकलीवर बसून उताराला लागला.

तिने तारांची वही काढली. तारीख होती. समोर सही होती, इनासभाऊंची, शेवटच्या अक्षराखाली ती ऐटबाज रेघ ओढलेली.

सिस्टरने कॅमेरा काढला आणि त्या पानाचे दोन फोटो घेतले. "एक हलला तर?" ती म्हणाली. आवाज अगदी वॉर्डातला. मग ती त्याच खुर्चीवर बसली आणि रडली, आई गेल्यानंतर पहिल्यांदा. दोरे-चीज विकणारी ती बाई शेजारी जमिनीवर बसून तिचा हात चोळत होती.

गावाबाहेर पडल्यावर उतार सुरू झाला. सुंदर रस्ता, खाली नदीपर्यंत. दहा दिवस चढ चढल्यावर मला तर कधी एकदा सुटते असं झालं होतं. सिस्टर उतरली. "हा उतार मी बसून जाणार नाही," म्हणाली. "तू जा हवं तर." ती सायकल हातात धरून चालायला लागली. मीही उतरले. ऊन डोक्यावर, ब्रेक दाबून दाबून हात भरून आलेले. तीन तास आम्ही तो उतार चालत उतरलो. माझ्या अंगात त्या दिवशी जो राग भरला तो सिस्टरच्या रागापेक्षा मोठा होता, हे मी आधीच सांगून टाकते.

जुलैमध्ये तिने मंडळींना स्लाइड शोला बोलावलं. नियम तिने घरी आधीच सांगितला: जो फिरून आला तो दाखवणार, जो घरी राहिला तो तळणार. इनासभाऊ मुकाट्याने स्वयंपाकघरात उभे राहिले. पोस्टकार्डांनी त्यांची झोप उडाली असणार, डोळे खोल गेले होते. प्रोजेक्टर माझ्या हातात होता.

गहू आला, पॉपी आल्या, बाकावरचे म्हातारे आले. बायका म्हणत होत्या, सिस्टर, कमाल आहे हं तुमची! मग मी बटण दाबलं आणि भिंतीवर ते पान आलं.

"हे काय?" कोणीतरी विचारलं.

"सहाव्या गावच्या पोस्टातली वही," सिस्टर म्हणाली. "माझी आई गेली ती तार मिळाल्याची सही. कोणाची आहे ओळखा."

पंधरा वर्षांची लीना जमिनीवर बसली होती, ती मान वर करून सहज म्हणाली, "दॅट्स डॅड्स. माझ्या रिपोर्टवर असते ना." आणि बोलून झाल्यावर तिला कळलं ती काय बोलली.

खिडकीत इनासभाऊ उभे होते. झारा हातात तसाच. "चढून आलो होतो, रोझी," ते म्हणाले. "पुढे सगळा उतार होता. म्हटलं, खाली गेल्यावर फोन करू. खाली गेल्यावर म्हटलं, उद्या करू. मग लाज वाटायला लागली."

"नेक्स्ट," सिस्टर मला म्हणाली.

मी बटण दाबलं. दारात उभी असलेली ती ठेंगणी बाई, हसणारी. "ही माझ्या आईसाठी मेणबत्ती लावून आली," सिस्टरने मंडळींना सांगितलं. "दिवे लावा आता. जेवून जा सगळे."

कोणी जेवलं नाही. पुढे वर्षभर मंडळींमध्ये चर्चा होती की चारचौघांत नवऱ्याची अशी अब्रू काढायची म्हणजे फारच झालं. तार खिशात घालून अडीच आठवडे सायकल चालवणाऱ्या माणसाला मात्र कोणी 'फारच' म्हणालं नाही. लीना महिनाभर आईशी बोलली नाही. एकदाच म्हणाली, "यू कुड्व्ह आस्क्ड हिम इन द कार, मम." सिस्टरने ते मनाला लावून घेतलं. "पोरीचं बरोबर आहे," ती मला म्हणाली, "पण कारमध्ये तो पुन्हा खोटं बोलला असता."

सोडून जाण्याचा प्रश्न तिने काढलाच नाही. तिने एवढंच सांगितलं की फादरकडे कन्फेशन करून मोकळा होऊ नकोस. वसईला जा, आईच्या कबरीपाशी उभा राहा, आणि माझ्या तिन्ही भावांना स्वतःच्या तोंडाने सांग. डिसेंबरात ते गेले. भावांनी काय केलं ते कळलं नाही, पण परत आले तेव्हा त्यांचा रुबाब गेला होता. स्पेनचं नाव त्यांनी पुन्हा घेतलं नाही. मे महिन्यात सिस्टर जायची, मी रजा मिळाली तर सोबत. दरवेळी सहावं गाव, त्या बाईबरोबर कॉफी, आणि पुढचा उतार चालत.

एकोणनव्वदमध्ये तिच्या स्वादुपिंडात कॅन्सर निघाला. इतकी वर्षं ज्या वॉर्डात हुकूम सोडले तिथेच ती पडून होती. इनासभाऊ सकाळपासून संध्याकाळपर्यंत खुर्चीवर बसलेले. तिचे पाय चेपायचे, तिचा चहा गरम आहे का बघायचे. एका दुपारी ते खाली जेवायला गेले असताना ती मला म्हणाली, "इनासला सांग, माझ्या मनात आता काही नाही. संपलं ते."

"तूच सांग की."

"मी सांगितलं तर रडत बसेल. मला त्याचं रडं बघायला आता वेळ नाही गं. मी गेले की सांग. सांगशील ना?"

मी हो म्हणाले. दोन दिवसांनी ती गेली.

दफन झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये चहा होता. लोक पांगले. इनासभाऊ माझ्याजवळ आले. ते खूप लहान दिसत होते. "शेवटी तू होतीस तिच्याजवळ," ते म्हणाले. "माझ्यासाठी काही निरोप ठेवला का तिने?"

माझ्या डोळ्यांसमोर तो उतार आला, आणि भर उन्हात सायकल हातात धरून उतरणारी ती. चार वर्षं मी तो राग जपून ठेवला होता. तिचा संपला असेल, माझा संपला नव्हता.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे," म्हणाले, आणि हॉलमधल्या खुर्च्या गोळा करायला लागले.

दोन दिवस जाऊ देत, मग सांगू, असं मी ठरवलं होतं. मग म्हटलं, महिन्याच्या मिस्सेला सांगू. मिस्सेला ते समोरच बसले होते, तेव्हा मला इतका उशीर का केला हे सांगायची लाज वाटली. वर्षाअखेर ते घर विकून वसईला गेले आणि तिथेच वारले. निरोप माझ्याकडेच राहिला आहे.